मजेत आहे

शिंपीणबाईंना मेसेज या प्रकाराचा भारी राग. पत्र यायचं तेव्हा अक्षरावरून कळायचं, लिहिताना हात थरथरला होता की नाही. फोन आला की नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं, पोरगी रडून बसलीये. या मेल्या मेसेजला ना अक्षर, ना आवाज! कुणीही लिहावं, दिसतं सगळं सारखंच.

पण धाकटी लग्न होऊन दूर गेली आणि जावईबापूंनी गोडीगुलाबीनं सांगून टाकलं, "आई, फोन कशाला? मेसेज करत जा, ती सवडीनं वाचेल." मायलेकींचं बोलणंच बंद झालं. कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. हल्ली घरोघरी हेच.

आता गेले काही दिवस धाकटीचे मेसेज संपत होते ते "चल, जाते" असे.

"जाते?" बाईंनी मशीन थांबवलं. "अरे, ती शाळेला निघाली तरी 'येते' म्हणायची. एकदाच 'जाते' म्हणाली, तर दारातून परत बोलावली होती मी."

"अगं आई, मोबाईलच शब्द पुढे करतो," थोरला हसला. "तू म्हणजे राईचा पर्वत करतेस."

"मग लाव फोन. ती उचलत नाही, जावयाला लाव."

थोरल्यानं आठ्या घालत आईच्याच मोबाईलवरून फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तिच्या हातात दिला.

"हां आई, बोला," जावयाचा आवाज नेहमीसारखाच मऊ.

"जावईबापू, धाकटीला द्या जरा."

"ती आंघोळीला गेलीये. मेसेज करेल की."

"मेसेज नको हो. आवाज ऐकू दे एकदा पोरीचा."

"बघतो हं."

पलीकडे शांत झालं. मग स्पीकरमधून बारीक आवाज येऊ लागला. टक, टक, टक. कुणीतरी सावकाश टाइप करत होतं. तेवढ्यात बाईंच्या हातातला मोबाईल थरथरला. धाकटीचा मेसेज होता.

'आई, मी मजेत आहे. काळजी करू नकोस.'

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आला का मेसेज?" जावयानं विचारलं.

रडू पार आत ढकलून बाई अगदी साखर घोळवून म्हणाल्या, "आला हो, जावईबापू! जीव भांड्यात पडला बघा." आणि दुसऱ्या हातानं त्यांनी गाडीची किल्ली थोरल्याच्या मुठीत कोंबली.