दोन स्पीकर, एक वायर

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारच्या तारांतून निघालेला बारीक आवाज मोठा करून खोलीभर पसरवणे हे माझे काम. पण कहाणी सांगण्याआधी तुमच्यापैकी कोणाच्या हातात स्क्रूड्रायव्हर, म्हणजे ज्याला आमच्या हैदराबादेत पेचकस म्हणतात तो, नाही ना, एवढे मला पाहून घेऊ द्या. राग मानू नका. आजवर माझ्याकडे ज्याने ज्याने संशयाने पाहिले, त्याच्या हातात शेवटी पेचकसच निघाला आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अंगावर काळे रेक्झिन, कोपऱ्यांना धातूच्या टोप्या, आणि पुढच्या जाळीमागे शेजारी शेजारी दोन स्पीकर. हे दोघे दिसायला जुळे, स्वभावाने मात्र निराळे. डावा सरळ बोलतो. गिटार जे म्हणेल ते जसेच्या तसे सांगतो. उजवा तेच किंचित उशिरा आणि किंचित थरथरत सांगतो. दोघांचे बोलणे हवेत मिसळले की एकाच गिटारच्या जागी बऱ्याच गिटार मिळून वाजत असल्यासारखे वाटते. याला कोरस म्हणतात. तो डाव्यात नसतो आणि उजव्यातही नसतो. दोघांच्या मधोमध जो बसेल त्याला तो ऐकू येतो. ही गोष्ट मला बनवणाऱ्यांना ठाऊक होती. पण ते काही माझ्याबरोबर हिंदुस्थानात आले नाहीत.

मी आलो तो सिकंदराबादच्या एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात. तिथे मला रोज फडक्याने पुसत, आणि लोक टाळ्या वाजवत. टाळ्या गायिकेसाठी असत, पण त्या माझ्या अंगावरूनच जात, म्हणून मी त्या आपल्याच धरून चाललो. मग नवा मॅनेजर आला. त्याने कान लावून पाहिले आणि जाहीर केले, की एक स्पीकर सरळ बोलतो आणि दुसरा कापतो, त्या अर्थी दुसरा खराब. मेकॅनिक आला. त्याने मला उघडले, आत टॉर्च मारला, पुन्हा बंद केले आणि सांगितले, “ये ऐसाइच रहता साब.” त्यावर मॅनेजरला मेकॅनिकचाही संशय आला आणि त्याने मला विकून टाकले.

बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मला गणपतीच्या मांडवासाठी घेतले. हरवलेल्या पोरांची नावे पुकारणे एवढेच काम उरले. पुढे त्याने भोंगे आणले आणि माझी रवानगी गोदामात झाली. माझ्या डोक्यावर लाल मिरचीची पोती आली. मित्रांनो, पोत्याखालची ती वर्षे मी सांगत बसत नाही. आजही मला चालू केले की जवळ बसलेल्याला शिंक येते, त्यावरून काय ते समजा.

तिथून मला नरहरने सोडवले. तो आला होता बायकोबरोबर वर्षाची हळद घ्यायला. नरहर म्हणजे बरकतपुऱ्यातल्या जुन्या मराठी घराण्यातला. आजोबा वकील, वडील मास्तर, आणि हा सरकारी कचेरीत. पोत्याखालून डोकावणारा माझा कोपरा त्याला दिसला आणि तो हळद विसरला. बायकोने, भारतीबाईंनी, मला आपादमस्तक न्याहाळले.

“हे काय आहे?”

“आवाज आहे,” नरहर म्हणाला.

“घरात आहे की तेवढा,” भारतीबाई म्हणाल्या. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या त्या. एकेक वाक्य दामटून सांगायची सवय.

मला विकत घेणारा नरहर एकटा नव्हता. निम्मा वाटा कोटेश्वररावांचा. हे गुंटूरकडचे, कॉलेजपासूनचे मित्र, पुढे कचेरीतही शेजारच्या टेबलावर. नरहरच्या घरी जेवून जेवून त्यांना मराठी समजू लागली होती, बोलत मात्र दोघे हैदराबादी. भारतीबाईंना ते वदिना म्हणत, त्यांच्या तेलुगूत वहिनी. कॉलेजात असताना दोघांनी मिळून परदेशातल्या एका मेटल बँडची कॅसेट ऐकली होती. बँड असा, की मालगाडी रुळावरून घसरावी तसा गोंगाट. पण एका गाण्यात, गोंगाट सुरू होण्याआधी, त्यांचा तो नामांकित गिटारवाला जेमतेम मिनिटभर स्वच्छ वाजवायचा. फाटका नाही, घासलेला नाही. रुंद, ओला, किंचित हलणारा सूर. त्या गिटारवाल्याचे नाव घेताना नरहर देवघरात शिरल्यासारखा आवाज लहान करत असे. पोरवयात दोघांनी ठरवले, हा सूर आपल्या हाताने काढायचा. मग नोकऱ्या लागल्या, केस गेले, ठराव मात्र राहिला.

त्यासाठी त्यांनी काय काय आणले म्हणून सांगू. पायाने दाबायच्या त्या छोट्या डब्या, पेडल. आवाज समतल करणारी एक, प्रतिध्वनी देणारी एक, आणि कोरस द्यायला आणखी दोन, जणू माझ्याकडे तो नव्हताच. या सगळ्या डब्या आणि त्यांच्या वायरींची भेंडोळी एका टेबलावर मांडलेली असत, आणि ते टेबल माझ्या बरोबर समोर, मधोमध. टेबलाच्या डावीकडे दिवाणावर नरहर बसे, उजवीकडे खिडकीपाशी कोटेश्वरराव. त्या जागा कधी बदलल्या नाहीत. म्हणजे ज्या एका जागी तो सूर रोज येऊन थांबत होता, तिथे तो शोधण्याचे सामान ठेवलेले होते.

मला तोंडे दोन, पण सांगण्याची सोय नाही.

डावीकडून नरहर म्हणे, “कोरस लगाच नै. सूखा आरा आवाज.”

उजवीकडून कोटेश्वरराव म्हणत, “अरे ज्यादा हो गया बावा. मेरे कू चक्कर आरी.”

“तू नॉब हिलाया.”

“मैं कायकू हिलाऊँ? तू हिलाया.”

दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटत होता. आता ही सरकारी माणसे. संशय आला की ती भांडत नाहीत, सील करतात. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे करतात तसे त्यांनी माझे सगळे नॉब कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून बंद केले आणि प्रत्येक पट्टीवर दोघांनी सह्या ठोकल्या. दर रविवारी दोघांसमक्ष सील तपासायचे, मग वाजवायचे. सील शाबूत असे, तरी डावीकडे सुके आणि उजवीकडे चक्कर. मग संशय सहीवर जाई. कोटेश्वरराव पट्टी उजेडात धरून बघत.

“भावजी, सही तुमचीच आहे ना?” भारतीबाई चहा ठेवता ठेवता विचारत.

“मेरी जैसी दिखरी, वदिना.”

तोवर शहरातही हेच वारे सुटले होते. राज्याचे दोन तुकडे होणार, हे ठरत होते, मोडत होते, पुन्हा ठरत होते. बंद, मोर्चे, घोषणा. कचेरीत चहाच्या टपरीवरदेखील माणसे आधी एकमेकांना विचारत, तुम्ही इकडचे, म्हणजे हैदराबादकडचे, की तिकडचे, गुंटूरकडचे, आणि मगच साखर किती ते सांगत. नरहरची पंचाईत निराळी. घराणे चार पिढ्यांचे हैदराबादी. पण मराठी बोलणारा, म्हणून इकडच्यांना तो तिकडच्यांत मिसळलेला वाटे आणि तिकडच्यांना इकडच्यांचा खबऱ्या. त्यात लहानपणी दोन इयत्ता तो नांदेडला मामाकडे शिकलेला. इथला कोण हे शाळेच्या दाखल्यावरून ठरत असे, तेव्हा तेवढ्यावरून तो इथला ठरतो की नाही, याबद्दल कचेरीत कुजबुज सुरू झाली.

“और कौन बोलेगा उनको नांदेड का?” एका रविवारी तो पुटपुटला. “तेरे सिवा किस कू मालूम?”

कोटेश्वररावांनी कप खाली ठेवला. “मैं बोला क्या?”

“मैं पूछरा.”

त्या दिवशी कोणी वाजवले नाही. माझा दिवा जळत राहिला, आणि भारतीबाईंनीच शेवटी बटण बंद केले.

राज्य एकदाचे विभागले. नरहर इथला ठरला. कोटेश्वरराव तिकडच्या सरकारात गेले. कचेरीच तिकडे हलायची होती, त्यांनाही जायचे होते. कचेरीत पंखे वाटले गेले, कपाटे वाटली गेली, एका हॉलमध्ये मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. हे सगळे स्वतःच्या हाताने केलेली माणसे घरी येऊन माझ्यापुढे उभी राहिली, तेव्हाच मी ओळखले.

“इसका क्या?” कोटेश्वरराव म्हणाले.

एकाने दुसऱ्याला देऊन टाकावे, हे कोणालाच सुचले नाही. दिले तर समोरच्याला वाटणार, यात काहीतरी काळेबेरे आहे. विकणेही नको, विकत घेणाऱ्याला पुढे सूर सापडला तर? मग कचेरीचा नियम. सामाईक वस्तू निम्मी निम्मी. स्पीकर दोन, माणसे दोन. मला मधून कापायचे.

डावा सरळ स्पीकर दोघांनाही हवा होता. बरीच घासाघीस झाल्यावर नरहर म्हणाला, “ले, तू ले डावा.” लगेच कोटेश्वररावांचे डोळे बारीक झाले. “इत्ता जल्दी? फिर मेरे कू उजवा होना.”

कापायला अंबरपेठेहून अंबाजी सुतार आला. त्याने माझ्या पाठीवर खडूने उभी रेघ ओढली आणि पेन्सिल कानावर ठेवली. मित्रांनो, मी मिरचीच्या पोत्याखाली होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

“कापतो साहेब,” अंबाजी म्हणाला, “पण नंतर जोडून दे म्हणू नका. आमच्या इकडं लोक लै म्हणतात.”

मला ठेवून कापायला त्याला काहीतरी उंच हवे होते. पेडलांची वाटणी सकाळीच उरकून त्या दोन पिशव्यांत गेल्या होत्या, म्हणून टेबल रिकामे होते. अंबाजीने ते उचलून बाल्कनीत नेले. माझ्यासमोरची जागा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळी झाली.

आणि मग दोघांनाही एकदम नियम आठवला, की वाटणीआधी वस्तू चालू स्थितीत असल्याची खातरजमा दोघांसमक्ष झाली पाहिजे. नरहर सवयीने दिवाणाकडे निघाला.

“उधर नक्को,” कोटेश्वरराव म्हणाले. “उधर बैठ के तू मेरे हिस्से कू कुछ करेगा. मेरी आँख के सामने बैठ.”

“फिर तू बी खिडकी कू मत जा.”

अशा रीतीने, एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी, ते दोघे माझ्यापुढे जमिनीवर खांद्याला खांदा लावून बसले. बरोबर मधोमध. डब्या पिशवीत, म्हणून नरहरने गिटारची वायर थेट मलाच लावली. कोटेश्वररावांनी कोरसच्या नॉबवरची पट्टी फाडली आणि नॉब हळूच थोडा वर नेला. नरहरने ते कॅसेटमधले पहिले सूर एकेक तार सुटी ठेवून छेडले.

डावा सरळ बोलला. उजवा किंचित मागून, थरथरत बोलला. आणि जमिनीवर बसलेल्या दोघांच्या डोक्यांपाशी तो सूर येऊन उभा राहिला, रुंद, ओला, किंचित हलणारा. मला नवे काही करावे लागले नाही. मी रोज करत होतो तेच केले.

नरहरचा हात थांबला नाही. त्याने ते सगळे मिनिट वाजवले. कोटेश्वररावांना शिंक आली होती, ती त्यांनी नाक दाबून धरून ठेवली. भारतीबाई हातात पळी घेऊन दारात आल्या, तशाच पुढे येऊन दोघांच्या मागे उभ्या राहिल्या.

“हे आधी का नाही वाजवलं?” त्या म्हणाल्या.

सूर विरला. मग शिंक सुटली.

“तेरे कू मालूम था,” कोटेश्वरराव म्हणाले.

“तेरे कू मालूम था,” नरहर म्हणाला.

“रेघेवरून कापू का?” अंबाजीने बाल्कनीतून विचारले.

“तुम्ही चहा घ्या,” नरहर म्हणाला.

मित्रांनो, इथे दोघांनी एकमेकांना मिठी मारली, असे मला सांगता आले असते. पण मी डाव्या स्पीकरने, झाले तेच सरळ सांगतो. मिठी मारली नाही. मी नरहरच्या घरीच राहीन, असे ठरले. लगेच कोटेश्वररावांना वाटले, आपण तिकडे गेल्यावर नरहर एकटाच वाजवणार. ते उठले आणि मला वीज देणारी वायर काढून त्यांनी गुंडाळली, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. वायर कोटेश्वररावांच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत गेली.

तेव्हापासून कोटेश्वरराव आठवडाभर तिकडे असतात. बायको-मुले अजून इथेच आहेत, म्हणून शुक्रवारच्या गाडीने येतात. रविवारी वायर आणतात. सील तपासले जाते. मग दोघे मधोमध बसतात.

आता माझी एक विनंती. घरात माझ्यासारखे जुने कोणी असेल तर त्याच्यावर पोती ठेवू नका, त्याला भिंतीत चिणून ठेवू नका, आणि त्याचा आवाज पटला नाही तर पेचकस आणण्याआधी आपली बसायची जागा बदलून पाहा. ते टेबल अजून बाल्कनीत आहे. भारतीबाईंनी त्यावर कुंड्या मांडल्या आहेत.

आणि एक सांगायचे राहिले. माझ्या त्या वायरीत विशेष काहीच नाही. नरहरच्या कॉम्प्युटरला अगदी तशीच एक आहे, माझ्यापासून हातभर अंतरावर लोंबत असते. मागे एका बुधवारी धूळ झटकताना भारतीबाईंनी ती ओढून माझ्या पाठीशी लावून पाहिली. बरोबर बसली.

“अहो, हीच की ती,” त्या म्हणाल्या. “वाजवा की.”

नरहरने पेपरातून मान वर केली नाही.

“ती कॉम्प्युटरची आहे,” तो म्हणाला.