एक नंबरची जर्सी

रग्बीच्या शिबिरात अल्ताफ सरांनी मला एक नंबरची जर्सी दिली, ती मी परत फेकली. एक नंबर म्हणजे प्रॉप. स्क्रममध्ये दोन्हीकडच्या आठ-आठ पोरी खाली वाकून एकमेकींना रेटतात, त्यात सगळ्यात पुढे मान घालणारी. चेंडू तिच्या हाती क्वचित येतो, फोटोत ती नसतेच.

"काऊन सर? धानोऱ्याची आहो म्हणून हमालीच कराची का? चेंडू घेऊन मैदानाच्या काठानं पळाले आपली अमरीन, अन् रेटाले मी?"

"नसन खेळाचं तं सकाळी आठची बस आहे," सर म्हणाले.

मी बॅग भरली.

चंद्रपूरच्या त्या शिबिरात केनिया आणि जॉर्जियाच्या पोरीही होत्या. त्याच संध्याकाळी सरांनी प्रत्येकीला संघातल्या पंधरा जणींसाठी पंधरा गोटे दिले. तुमच्याकडे संघ मांडताना आधी कोण, ते दाखवा म्हणाले. केनियाच्या अकिन्यीने आधी दोन्ही काठांवरच्या पळणाऱ्या मांडल्या. मीही तसंच केलं, एक नंबरचा गोटा शेवटी टाकला. जॉर्जियाच्या नीनोने मात्र आधी स्क्रमच्या पुढच्या रांगेचे तीन गोटे चिकटवून मधोमध ठेवले. त्यातल्या एक नंबरवर बोट टेकवून तोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आमच्या गावात या जागेसाठी भांडणं होतात. हा सरकला तर बाकीचे कुठं उभे राहतील? तू याला शेवटी का ठेवलंस?"

आई आठवली. तेंदूपत्त्याचा भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही. आई सगळ्या बायांना भारे उचलून देते आणि जंगलातून शेवटी निघते. त्यावरून मी तिला बावळट म्हणायची. बावळट मी होते. अन् अशा बाईला नुसती मजूर म्हणणारे शिकलेले लोक माझ्याहून बावळट.

जर्सी मागून घेतली.

मॅचला आई आली. स्क्रममध्ये माझ्यासमोर नीनोच होती. दोनदा तिनं मला मातीत गाडलं, तिसऱ्यांदा मी हलले नाही. मागून चेंडू निघाला, अमरीन पळाली. तरी आम्ही हरलो. नीनोचे उपकार मी कुठल्या भाषेत मानू? नुसती गळ्यात पडले.

"सारे त्या पळणाऱ्या पोरीले पाहून राह्यले होते," बस स्टँडवर आई म्हणाली, "मी तुलेच पाहो." अन् बाजाराचं गठुडं उचलायला वाकली.

"आई, जंगलात तुले भारा कोण उचलून देते?"

"कोण देईन? बुंध्यावर टेकवतो, अन् खाली मान घालतो."

मी गठुड्याखाली दोन्ही हात घातले.

"हळू," ती म्हणाली, "तुही मान दुखत असन."