विभूती लावलेली कुदळ

मी कुदळ बोलतेय. गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. जन्मभर जिला दगडमाती खायला घातली, तिच्या जिभेवर साखर कुठून येणार?

माझा जन्म येडशीचा. स्टेशनाजवळ एक लोहार होता. रुळाचा एक टाकाऊ तुकडा त्यानं कुठूनसा मिळवला, भट्टीत लाल केला आणि ठोकून ठोकून माझं पातं काढलं. बाभळीचा दांडा बसवला. श्रावणात रामलिंगाच्या जत्रेत जाफर वस्तादांनी मला विकत घेतलं. उचलून पाहिलं, नखानं वाजवून पाहिलं, पैसे टाकले आणि निघाले. लोहाराला "बरी झालीय" एवढंही म्हणाले नाहीत. हा माणूस तोंड उघडणारा नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माकणीच्या अलीकडं एका गावात, दर्ग्याच्या मागं, वस्तादांची तालीम होती. ठेंगणं दार, आत अंधार, मधोमध कुस्तीचा हौद. बाईमाणसानं तिथं उंबऱ्याच्या आत यायचं नाही अशी शिस्त. मी मात्र रोज आत, आणि माझ्यावाचून त्या गड्यांचं पान हलत नसे. तेवढीच माझी फुशारकी.

हौदातली माती रानातल्या मातीसारखी नसते. तिच्यात काव असते, तेल, ताक, हळद, लिंबाचा रस असतो. पण कितीही खाऊ घाला, वर माणसं आपटत राहिली की ती खाली घट्ट बसते. म्हणून रोज पहाटे ती कोपरभर खोल उकरावी लागते. वर चार बोटं मऊ आणि खाली दगड, असा हौद म्हणजे सापळा. ढाकेचा डाव पडतो, गडी हवेतून खाली येतो, आणि त्याच्या हाडाला तो दगड भेटतो.

म्हणून वस्तादांचा नियम होता. नवा गडी आला की पहिले चार महिने कुस्ती नाही, हातात कुदळ. त्यानं खांदे भरतात, दम वाढतो, आणि माती कुठं बसलीय ते पायाला कळायला लागतं. हे सगळं मला ठाऊक होतं, वस्तादांना ठाऊक होतं. नव्या गड्याला मात्र कुणी सांगत नसे. तो आपला फोड आलेले तळवे बघत मनात शिव्या देई. निम्मे तर आठवड्यात पळून जात.

त्या सगळ्यांत टिकला तो गुरुलिंग. त्याच्याइतकं मला कुणी चालवलं नाही. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, गावात हिंदू-मुसलमानांना एकमेकांकडं बघायची चोरी झाली होती तेव्हा, हाच गुरुलिंग तालमीच्या दारात मला घेऊन उभा राहिला होता. "वस्तादांच्या उंबऱ्याला कुणी हात लावायचा न्हाय," एवढंच तो म्हणाला. कुणी लावला नाही. पण त्यानंतर बऱ्याच घरांनी आपली पोरं गुपचूप काढून घेतली. वस्तादांनी एकालाही का म्हणून विचारलं नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली रुद्रम्मा आली.

रुद्रम्मा विधवा बाई. रान होतं, एक मुलगा होता, आणि शेजारच्या रानात दिराचा मुलगा रेवणप्पा होता. तो दर पेरणीला बांध फोडून नांगराचं एक तास आत घेई. त्या साली सोमलिंगनं, म्हणजे तिच्या मुलानं, त्याला अडवलं. सतरा वर्षांचं पोर ते. रेवणप्पानं त्याला सगळ्या गड्यांदेखत उताणा पाडला, छातीवर बसला आणि तिथं बसूनच तंबाखू मळली. रुद्रम्माच्या जिवाला जे लागलं ते हे. मार तिनं सोसला असता. ती तंबाखू तिला सोसवली नाही.

ती पोराचं मनगट धरून दाराशी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वस्ताद, पोराला तालमीत घालायचंय. पन आधी इचारते. चैताच्या जत्रंपतूर ह्यो चुलतभावाला उताना पाडंल का न्हाय?"

"पहिले माती उकरायची," वस्ताद म्हणाले. "चार महिने."

"आन् कुस्ती?"

"त्याच्या नंतर."

"ते का म्हून?"

"रीत हाय."

रुद्रम्मानं दाराशी पडलेल्या माझ्याकडं पाहिलं. "माझ्या रानात काय माती कमी हाय व्हय, वस्ताद? तितं उकरली तर जवारी तरी येती. तुमाला फुकटचा गडी पायजे, तसं सांगा की सरळ."

हौदातली पोरं फिसकन हसली. वस्तादांचा चेहरा हलला नाही.

"अक्का, दुसरी तालीम बघा."

"बगते की. गाव लई मोठं हाय तुमचं," रुद्रम्मा म्हणाली. गावात तालीम एकच होती.

ती गेली आणि गुरुलिंग हौदातून वर आला. "वस्ताद, परत का लावली तिला? का उकरायचं ते दोन शब्दांत सांगितलं असतं तर थांबली असती."

"ज्याला राहायचं तो राहतो."

"असं म्हणत म्हणत आपण मूठभर उरलो."

"गर्दी पायजे तर बाजारात जाऊन बैस."

"बसतो." गुरुलिंगनं मला उचललं. "आन् ही मी नेतो. इतकी सालं मीच चालवलीय."

"ने," वस्ताद म्हणाले. "उचलायला ताकद लागते. चालवायला अक्कल लागते."

इतक्या वर्षांचं गुरुशिष्याचं नातं, आणि त्याचा निरोप हा असा. दोघांपैकी एकानंही मागं वळून पाहिलं नाही. मला तेव्हा दोघांचाही राग आला आणि अजून आहे.

शिवलिंगप्पा आडत्याची कापसाची शेड रिकामी होती. तिथं नवी तालीम उभी राहिली. भिंतीला मोठा आरसा, दारावर रंगवलेली पाटी. शेडची जमीन मुरूम धुमसून केलेली. तिच्यावर दोन गाड्या लाल माती पसरली आणि त्याला हौद म्हणाले. पहिले काही दिवस गुरुलिंगनं पोरांना उकरायला लावलं. पण रुद्रम्माचा तो शब्द तोवर गावभर झाला होता. बाप दाराशी येऊन विचारायचे, "हितं बी फुकटचा गडीच का?" पोरं गळायला लागली. शिवलिंगप्पा म्हणाला, "गुरुलिंग, लोक कुस्ती मागाय लागलेत, तू त्यांना खड्डे दाखवतुयास. अशानं शेड पुन्ना कापसाला द्यावी लागंल."

दसऱ्याला त्यांनी मला धुतलं. पात्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि आरशाच्या वर दोन खुंट्यांवर टांगलं. माळ वाळली, पडली. मी तशीच राहिले. हत्याराला देव केलं की ते चालवायला कुणी बांधलेलं नसतं, ही माणसांची फार जुनी युक्ती आहे. फावड्यानं वरची माती इकडची तिकडं करायची, पाणी शिंपायचं आणि म्हणायचं, हौद तयार.

दसऱ्यानंतर रुद्रम्मा पोराला घेऊन शेडच्या दाराशी आली. शिवलिंगप्पा पुढं झाला.

"या की, रुद्रम्माक्का. आपल्या मानसाची तालीम हाय."

"आपलीच मानसं माझा बांध नांगरत्यात, सावकार. त्येचं कवतिक मला सांगू नका."

मग तिची नजर वर गेली. माझ्यावर. बराच वेळ ती बघत राहिली. "ही कुदळ तिकडं दारात लोळत हुती," ती म्हणाली. "हितं इभूत लावून ठिवलीया. हत्याराची कदर हाय ह्यांना." आणि गुरुलिंगकडं वळून, "कुस्ती कवा सुरू?"

"उद्यापासून, अक्का."

एवढ्यावर तिनं तालीम निवडली. उंबऱ्याबाहेर उभं राहून आरसा दिसतो, पाटी दिसते, विभूती दिसते. हौदात हात घातल्याशिवाय हौद दिसत नाही, आणि तिला आत यायची बंदी. मला बोलता आलं असतं तर मी तिला तिथंच झाडली असती.

सोमलिंग चपळ निघाला. माघापर्यंत त्यानं आपल्या जोडीची दोन-तीन पोरं पाडली. रुद्रम्मा घरचं दूध विकायची थांबली, सगळं त्याच्या तांब्यात ओतायला लागली. आडावर रेवणप्पाची बायको भेटली की म्हणायची, "जत्रंला तंबाकूची डबी घिऊन यायला सांग गं तुज्या नवऱ्याला. बगू कोन कुनाच्या छातीवर बसतंय."

जत्रेला पंधरवडा उरला होता. गुरुलिंग सोमलिंगला धोबीपछाड शिकवत होता. पोर खांद्यावरून वर गेलं आणि डाव्या कोपरावर खाली आलं. माती अंगाखाली दबल्याचा आवाज मी हजारदा ऐकलाय. हा तो नव्हता. हा मुरमावर हाड आपटल्याचा आवाज होता.

सोमलिंग उठून बसला. हात नको तिथं वळलेला बघत राहिला. गुरुलिंगनं आधी त्याच्याकडं पाहिलं आणि मग वर, माझ्याकडं. त्याला सगळं कळलं होतं. त्याला ते आधीपासूनच कळत होतं, म्हणून तर मला त्याचा राग आला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. सोमलिंगच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय. पंचक्रोशीत हाडं बसवणारा माणूस एकच, जाफर वस्ताद. रुद्रम्माला पोर घेऊन त्याच उंबऱ्यावर जावं लागलं. वस्तादांनी "या" म्हटलं नाही, "कशाला आलात" असंही म्हटलं नाही. हात हातात घेतला, ओढला, बसवला. बांबूच्या कामट्या बांधताना विचारलं, "हौद कुणी उकरला होता?"

"कुनीच न्हाय," सोमलिंग म्हणाला. "कुदळ भितीवर असती."

"खाली टणक असलं की हाड जातं," वस्ताद म्हणाले. "त्याच्यासाठीच उकरायची असते."

रुद्रम्मा उठून उभी राहिली. "हे तवाच का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही फुकटचा गडी म्हणालात."

"म्हनाले. माझं तोंड वाईट हाय, सगळ्या गावाला ठावं हाय. तुमचं चांगलं हाय न्हवं? मग ते उगाडलं का न्हाय? रीत हाय म्हनं. येवडं बोलायला काय जीभ झडत हुती, वस्ताद?"

वस्तादांनी शेवटची गाठ मारली. "हात पुरा सरळ होणार न्हाय. कुस्ती सोडा," ते म्हणाले.

पोराला घरी निजवून ती तशीच शेडवर आली. ह्या वेळी उंबऱ्यावर थांबली नाही.

"अक्का, बायांनी आत..." कुणीतरी म्हणालं.

"गप ऱ्हा."

तिनं आरशाखालचा बाक ओढला, वर चढली, मला खाली घेतलं. पदरानं माझी विभूती पुसली, खसाखसा, भांडं घासावं तशी. मग हौदात उतरली आणि मला डोक्यावर नेऊन घाव घातला. पहिल्या घावाला मी उलट उसळले. मुरमातून ठिणगी उडाली. दुसरा, तिसरा. वरची माती बाजूला झाली आणि खाली खळ्यासारखी चोपलेली जमीन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडली.

"गुरुलिंग, हात घाल."

त्यानं वाकून हात लावला.

"पोरं येत न्हवती, अक्का," तो खाली बघतच म्हणाला.

"मग नसती आली."

शिवलिंगप्पा मधे आला. "कुदळ तालमीची हाय. कुटं नेता?"

"माझ्या पोराचा हात ठिवून घ्या," रुद्रम्मा म्हणाली. "बरुबरी झाली."

मला खांद्यावर टाकून ती भर बाजारातून घरी गेली. वाटेत तिला कुणी हटकलं नाही.

जत्रेच्या दिवशी गावातून हलगीचा आवाज येत होता. सोमलिंग हात गळ्यात बांधून लिंबाखाली बसला होता, आणि रुद्रम्मा माझ्यासकट जुन्या बांधाच्या रेषेवर. एका हद्दीच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ती चर खणत होती, कमरेइतका. रेवणप्पानं जत्रेत कुस्ती मारून फेटा मिळवला होता. तो बांधूनच तो रानात आला.

"काकू, ह्यो काय उद्योग?"

"हौद," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "तुज्या भावानं खेळायचं हुतं. त्येचा हात गेला. आता मी हाय. उतर."

रेवणप्पा काठावर उभा राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आत उतरायला म्हणून एक पाय पुढं केला. रुद्रम्मा घाव घालायची थांबली आणि मला दोन्ही हातांत धरून नुसती वाट बघत उभी राहिली. त्यानं पाय मागं घेतला. फेटा सावरत तो लांबच्या वाटेनं घरी गेला. त्या साली पेरणीला त्याची बैलं चराच्या पलीकडूनच वळली.

म्हणून आनंदीआनंद झाला असं समजू नका. सोमलिंगचा हात वाकडा तो वाकडाच. दोन्ही घरांत अजून बोलणं नाही. गुरुलिंग आता नवी कुदळ घेऊन रोज पहाटे स्वतः मुरूम फोडतो म्हणे; शेडमधे पोरं थोडीच उरलीत. जाफर वस्तादांनी निरोप धाडला होता, माझी कुदळ परत करा. रुद्रम्मानं उलट निरोप दिला, स्वतः येऊन दोन शब्द बोला आणि घेऊन जा. ते आले नाहीत. त्यांच्या दारात नवा पोरगा आला की अजूनही "रीत हाय" एवढंच सांगतात.

तुम्ही पोराला तालमीत घालायला निघाला असाल, किंवा स्वतःच लंगोट शिवायला टाकला असेल, तर माझं एवढं ऐका. भिंतीवर काय टांगलंय ते बघू नका. हौदात उतरा आणि कोपरापर्यंत हात घाला. हात मधेच अडला तर आल्या वाटेनं परत फिरा. वस्तादाला का म्हणून विचारा. तो गप्प बसला तर पुन्हा विचारा, पण तोंडावर ताबा ठेवून. गप्प बसणारा वस्ताद आणि तोंडाळ आई ह्यांच्या मधे एका पोराचं हाड गेलंय, ते मी जवळून पाहिलंय.

माझं पातं आता निम्मं झिजलं. दर उन्हाळ्यात चराचे काठ ढासळतात, आणि पाऊस पडायच्या आत ते पुन्हा सरळ करावे लागतात. सोमलिंग मला उजव्या हातानं उचलतो. डावा नुसता खाली धरतो. चार घाव झाले की थांबतो, दम घेतो. लिंबाखालून रुद्रम्मा म्हणते, "आनकी खोल."