डावखुरा बाळ

ओटिलियाने लाकडी ठशावरून ओला कागद अलगद सोलला आणि तिचा चेहरा उतरला.

नदीत दांडा रोवून संत क्रिस्टोफर उभा. खांद्यावर बाळ येशू. लाटा सुरेख उठल्या होत्या, संताची ताणलेली पोटरीसुद्धा. पण बाळ आशीर्वाद देत होता डाव्या हाताने.

"गप्प का झालीस गं सूनबाई?" खिडकीपाशी बसलेल्या सासऱ्यांनी विचारलं. म्हाताऱ्या कास्परचे डोळे कधीच गेले होते, कान मात्र तिखट.

"मामंजी, चित्र सरळच कोरलं मी. छापल्यावर उलटं उमटतं, हेच विसरले."

"अगं देवा! बाळाला डावखुरा केलंस?" म्हातारा हसत सुटला. "उद्या सगळं उल्म शहर म्हणेल, या घरात सैतानानं दुकान मांडलंय."

"हसा हसा. मठातल्या सिस्टर अफ्रा दुपारी यायच्यात."

म्हाताऱ्याचं हसू तिथंच विरलं. मठाची चित्रं कोरायचा तो त्यांचा लेक फाइट, आणि वसंतात तो वारला. ओटिलिया आजवर नुसते रंग भरायची. सिस्टरनी तिला एकच संधी दिली होती: संताच्या सणाआधी स्वतः कोरलेलं एक चित्र दाखव, नाहीतर मठाचं काम पलीकडच्या गल्लीतल्या योर्गला जाईल.

"जाऊ दे त्याला," कास्पर हळूच म्हणाला. "रंग भरायचं काम तर तुझ्याचकडे येईल."

"फाइटच्या पटाशीचं काम मी योर्गला देणार नाही."

अख्खा ठसा पुन्हा कोरायला आठवडा लागला असता. बाळाच्या दोन हातांना मात्र सकाळ पुरली असती. तिने ठशातले ते दोन्ही हात कोपरापासून खणून काढले. नासपतीच्या लाकडाचे दोन तुकडे तासून त्या खाचांत ठोकले. या खेपेला हात पातळ कागदावर काढले, आरपार दिसावं म्हणून कागदाला तेल चोळलं आणि तो पालथा चिकटवला. मग पटाशी चालू लागली. कधी उन्हासारखी हलकी, कधी नांगरासारखी खोल.

कास्परने नव्या लाकडावर अंगठा फिरवला. "हा उंच आहे. केसभर तास."

तिने तासलं.

"अजून."

दुपारी सिस्टर अफ्रांनी ताजा छाप उजेडात धरला. उजवा हात वर होता, डाव्यात जगाचा गोल. पण कोपरांभोवती एक बारीक पांढरी रेघ राहिली होती.

"ही रेघ कसली?"

"बाहीची किनार," कास्पर पुटपुटला.

"किनार नाही," ओटिलिया म्हणाली. "हात चुकीचे कोरले होते. कापून नवे बसवले. ठशातून निखळणार नाहीत, ओढून बघा."

"बाळाचे हात कापलेस?"

"चुकले होते, म्हणून कापले."

सिस्टरनी हसू दाबलं आणि संताच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, सगळे पाहतात तसं. त्याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी श्रद्धा होती.

"चला, आजचा दिवस तरी मी वाचले. सणाला दोनशे काढ. आणि हिवाळ्यात संत बार्बरा लागेल. तीही तूच कोर."

सिस्टर गेल्या, दार लागलं. ओटिलियाने कागदांचा गठ्ठा सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे ओले करा, मामंजी."

"आंधळ्याला कामाला लावतेस?"

"दोनशे आहेत. मी एकटी कुठं पुरणार?"

तिने शाईचा बोळा हाती घेतला.