सतरावा जंतू

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणायचे, मोठे साहेबसुद्धा. आतड्यातल्या जंतूंवर कुठलं औषध चालतं आणि कुठलं नाही, हे तपासायचं तिचं काम. हल्ली बरेच जंतू कुठल्याच औषधाला भीक घालत नव्हते, म्हणून साहेबांनी नवा प्रकल्प काढला होता. एकेकटी निकामी ठरलेली औषधं जोडीनं लावून बघायची. त्यासाठी फ्रीजरमधले जुने, चिवट जंतू बाहेर निघाले.

यादी वाचताना सतराव्या ओळीवर ताईचं बोट थांबलं. नाव नव्हतंच, नुसता आकडा. पण तारीख, वॉर्ड आणि 'पुरुष, वय अडुसष्ट' एवढं तिला पुरलं. हा बाबांच्या रक्तातला जंतू. आतड्याच्या ऑपरेशननंतर तो रक्तात शिरला आणि नवव्या दिवशी बाबा गेले. त्याला आता सहा वर्षं झाली. बाबांचे कपडे देऊन टाकले, चष्मासुद्धा देऊन टाकला. त्यांचा जंतू मात्र इथे गारठ्यात ठणठणीत होता.

ती कुणाला काही बोलली नाही. शहाण्णव खळग्यांच्या ट्रेमध्ये एक औषध आडवं, दुसरं उभं, असं वाढत्या प्रमाणात भरलं आणि प्रत्येक खळग्यात जंतू सोडला. सकाळी खळगा गढूळ दिसला तर जंतू वाढलाय, नितळ दिसला तर नाही. अकरा जोड्या गढूळच निघाल्या. बाराव्या जोडीला अर्धा ट्रे पाण्यासारखा नितळ. तिने पुन्हा केलं, मग आणखी एकदा. तेच.

निकाल पाहून साहेब खुर्चीतून उठलेच. "ताई, कमाल केलीत! आणि दोन्ही जुनी औषधं, कुठल्याही वॉर्डाच्या कपाटात सापडतील अशी."

"तेव्हाही होती," ताई म्हणाली.

"तेव्हा म्हणजे?"

"सहा वर्षांपूर्वी. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. दोन औषधं एकत्र लावून बघता येतील का, विचारत होत्या. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही नकाराची मान हलवलीत, मी नाही होणार म्हणून सांगितलं. पेशंट माझे वडील होते."

साहेब खाली बसले. "अहो, ती तपासणी आपल्या यादीत नव्हती तेव्हा. पण वडिलांचा नमुना आहे, हे बोलायचं ना!"

"माझी नोकरी कायम व्हायची होती."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "ट्रेमध्ये मेला म्हणजे अंगातही मेला असता, असं नाही," ते म्हणाले. हे खरंच होतं. मग म्हणाले, "लेखात तुमचं नाव पहिलं टाकू."

संध्याकाळी घरी जाता जाता तिने दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बजावलं, "आईला यातलं अक्षर कळता कामा नये."

पण घरात शिरली तर आई समोरच वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. "तोंड का उतरलंय गं?" तिने विचारलं, आणि ताईला राहवलं नाही. तिने वॉर्डातून आलेल्या त्या फोनसकट सगळं सांगून टाकलं.

"फोन तू घेतला होतास?"

"हो."

आईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "कितवा दिवस होता तो?"

"चौथा."

"म्हणजे पाच दिवस हातात होते." आईचा आवाज जराही चढला नाही. "त्या दिवशी घरी येऊन माझ्याशेजारी बसून जेवलीस कशी गं तू?"

आई घड्या उचलून आत गेली. त्यानंतर घरात दूध, गॅस, लाइटबिल एवढंच बोलणं उरलं.

लेख छापून आला तेव्हा ताईचं नाव तिसरं होतं. त्याच सुमारास वॉर्डातली एक बाई त्याच जोडीनं वाचली आणि आपल्या पायांनी चालत घरी गेली. ताईने ते आईला मुद्दाम येऊन सांगितलं.

"बरं झालं तिचं," आई म्हणाली.