दारावरचे चार अंश

मी एक जुना फ्रीज आहे. पण मित्रांनो, माझ्यात दूध-भाजी कधीच नव्हती. मी रुग्णालयाच्या अपघात विभागात रक्त सांभाळत असे. कोणत्याही गटाच्या रुग्णाला चालेल अशा रक्ताच्या चार पिशव्या कायम माझ्या पोटात असत. ज्याचा गट तपासायलाही वेळ नाही, त्याच्यासाठी.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय विचारता! आत दोन ते सहा अंश थंडावा राखायचा आणि तो बिघडलाच तर भोंगा वाजवायचा, हे काम मी बारा वर्षं इमानेइतबारे केलं. मोठ्या सिस्टर मला रोज पुसत, काटा पाहून दारावरच्या तक्त्यात अंश लिहीत. "हा आमचा भरवशाचा गडी," असं नव्या डॉक्टरांना सांगत.

मग माझ्या दाराचं रबर झिजलं. थंडावा निसटू लागला आणि मी ऊठसूट भोंगा वाजवू लागलो. नव्या रबराचा अर्ज कुठेतरी धूळ खात पडला. "डोकं उठवलंय मेल्यानं!" म्हणत सिस्टरांनी एके दिवशी माझा भोंगाच बंद केला. सगळ्यांना हायसं वाटलं. कामाच्या रगाड्यात सिस्टर काटा न बघताच तक्त्यात 'चार' लिहू लागल्या.

एका दुपारी एका बाळंतिणीला धावतपळत आणलं. तिचं रक्त थांबत नव्हतं.

"सिस्टर, पिशव्या आणा!" डॉक्टर ओरडले.

सिस्टरांनी माझं दार उघडलं आणि त्या जागीच थिजल्या. काटा चौदावर होता.

"कधीपासून?"

"तक्त्यात चारच आहेत, डॉक्टर... मी बघितलंच नव्हतं."

असं तापलेलं रक्त जिवावर बेतू शकतं. ते देता येत नाही. "अहो, समोर दिसतंय की रक्त! द्या ना माझ्या ताईला!" तिचा भाऊ हात जोडून रडत होता. रक्तपेढीतून पिशव्या यायला अर्धा तास लागला. ताई वीस मिनिटांतच गेली.

आता मी जिन्याखाली पडून आहे. सिस्टर खाली मान घालून माझ्यासमोरून जातात. मला त्यांचा राग येत नाही, पण पोटात चार पिशव्या असून मी तिच्या कामी आलो नाही, हे दुःख माझ्यासोबतच भंगारात जाईल.

मित्रांनो, कोणी सारखं ओरडत असेल तर त्याचं तोंड बंद करण्याआधी ते का ओरडतंय, एवढं बघा. माझ्या दारावर तक्ता अजून तसाच आहे. त्या दिवसाच्या रकान्यात सिस्टरांच्या सुबक अक्षरात लिहिलंय, चार.