भिंतीवरची अर्धी सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे फार जुनी नाही, आणि सायकल म्हणजे पूर्ण सायकलही नाही. माझा पुढचा अर्धा भाग तेवढा उरला आहे. दाराजवळच्या भिंतीवर मला स्क्रूंनी घट्ट बसवले आहे आणि माझ्या दोन आखूड नळ्या शिंगांसारख्या बाहेर आल्या आहेत. येणारे-जाणारे विचारतात, हे काय लावलंय? घरातली माणसे सांगतात, ती आमची सायकल. मला हे उत्तर आवडते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे ॲल्युमिनियमच्या नळ्या सांधून माझी फ्रेम तयार केली आणि तिला हिरवा रंग दिला. डोंगरातल्या वाटांसाठी बनवलेली म्हणून माझे टायर जाड होते, पॅडलपाशी मोटर होती आणि पोटात बॅटरी. विजेवर चालते म्हणून मला कोणी स्कूटर म्हटले की अजूनही राग येतो. मी कोणाला फुकट ओढून नेत नव्हते. माणसाने पॅडलवर जोर दिला की त्यात मी माझा जोर मिसळायची, इतकेच. त्याचे पाय थांबले की मीही थांबायची.

दुकानात काचेमागे उभी असताना मी जरा भावच खात होते. पोरे यायची, माझ्यावर हात फिरवायची आणि किंमत ऐकली की हात काढून घ्यायची. एक दिवस एक परिचारिका आली. घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करणे हे तिचे काम. तिच्या वाट्याला डोंगरावरची वस्ती आली होती. गाडीचा रस्ता अर्ध्यातच संपतो आणि पुढे दगडांची, मुळांची चढण लागते. इतकी वर्षे ती पायी जात होती आणि आता तिचे गुडघे कुरकुर करू लागले होते. दुकानामागच्या अंगणात तिने माझ्यावरून एक फेरी मारली, उतरली आणि म्हणाली, "ही मला वर नेईल." तिने मला उचलून वगैरे पाहिले नाही, रंगाची चौकशीही केली नाही. मला ती तिथेच आवडली.

मग आमचे रोजचे जाणे सुरू झाले. पाठीवर औषधांची पिशवी, डोक्यावर हेल्मेट, आणि खाली मी. वस्तीच्या अगदी टोकाला एक आजोबा राहायचे. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. ते जन्मात कधी जहाजावर चढले नव्हते, टोपी मात्र तशी घालायचे. त्यांच्या पायाला एक जखम होती, ती काही केल्या भरत नव्हती, आणि परिचारिकेला तिची पट्टी बदलायला जावे लागे. कॅप्टन आधी माझ्या सीटवर थाप मारायचे.

"दमलीस का गं?" ते मला विचारायचे.

"आणि मी? मला कोणी विचारायचं?" परिचारिका म्हणायची.

"तुम्हाला काय झालं? तुम्ही तर बसून आलात."

मला हसता येत नसे, पण घंटी थोडी हलायची.

घरी तिची मुलगी होती. तिचे तोंड दिवसभर चालू, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीचा माझ्यावर फार जीव. माझी चेन तीच पुसायची, टायरमध्ये अडकलेले खडे तीच काढायची. आईने तिला शब्द दिला होता, "सीटवर बसून तुझे दोन्ही पाय जमिनीला टेकले की ही तुझी. मी दुसरी घेईन." त्यानंतर दर सुट्टीला ती माझ्यावर चढून पाय ताणायची. बोटे टेकायची, टाच काही टेकत नसे. उतरताना ती माझ्या कानात, म्हणजे हँडलपाशी तोंड नेऊन सांगायची, "थोडंच राहिलंय." आम्ही दोघी त्या दिवसाची वाट पाहत होतो.

आणि तशात करकर सुरू झाली.

चढणीवर पॅडलला जोर लागला की माझ्या पोटातून आवाज यायचा. आधी बारीक, मग चांगला ऐकू येण्यासारखा. परिचारिकेने चेनला तेल घातले. कॅप्टन म्हणाले, "हिलाही तुमच्यासारखा गुडघ्याचा त्रास दिसतोय." शेवटी तिने मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेले. आमच्याच रस्त्याच्या खालच्या टोकाला ते होते. तिथला मिस्त्री आडव्या बांध्याचा, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि यंत्रांशी बोलायची त्याला सवय. त्याने मला वायर जोडून कॉम्प्युटरला विचारले. कॉम्प्युटर म्हणाला, सगळे ठीक आहे.

"वॉरंटीत आहे, सिस्टर. तुम्ही काळजीच करू नका," मिस्त्री म्हणाला.

त्याने माझी मोटर काढून कंपनीकडे पाठवली. ती परत आली ती दोष सापडला नाही असा निरोप घेऊन. करकर चालूच. मग कंपनीने मोठ्या मनाने नवी मोटर पाठवली. तीही बसवली. करकर तशीच. पॅडल बदलले, सीटच्या दांड्याला ग्रीस लावले, बेअरिंग बदलले. मोटर महाग, तिच्यात वीज, म्हणून सगळ्यांचा संशय तिच्यावर. माझ्या हाडांकडे कोणी पाहिलेच नाही. कुठे दुखते ते मला ठाऊक होते, पण सांगणार कशी? माझ्याकडे बोलायला फक्त घंटी होती, आणि तीसुद्धा दुसऱ्याने वाजवायची.

एका संध्याकाळी परिचारिका डोंगरावरून थेट सर्व्हिस सेंटरमध्ये आली. स्टेथोस्कोप अजून गळ्यातच होता. मिस्त्रीने मला स्टँडवर लावले आणि हताश होऊन म्हणाला, "माझे कान थकले, सिस्टर. इथून येतोय म्हणावं तर तिथून येतो."

"हिला खाली घ्या, ब्रेक धरून बसा आणि पॅडल दाबा. मी ऐकते."

तिने स्टेथोस्कोप कानांना लावला आणि त्याची थंडगार चकती मोटरवर टेकवली. मग थोडी वर, मग बाजूला. मिस्त्री पॅडल दाबत होता, ती डोळे मिटून ऐकत होती. कॅप्टनची छाती तपासतानाही ती असेच डोळे मिटायची. बॅटरीच्या नळीखाली, मोटर जिथे फ्रेमला जोडलेली असते तिथे येऊन तिचा हात थांबला.

"मोटरला काही झालेलं नाही. इथे आहे."

मिस्त्री खाली उतरला. त्याने तिथली माती पुसली, टॉर्च लावला आणि चष्मा वर सरकवला. हिरव्या रंगात केसासारखी एक रेघ होती.

"हाड मोडलंय," परिचारिका म्हणाली.

"हो. आणि तुम्ही आत्तासुद्धा हिच्यावर बसूनच डोंगर उतरून आलात. उतारावर सुटली असती तर..." मिस्त्रीने वाक्य तिथेच सोडले आणि हात पुसत बसला.

कंपनीने खळखळ केली नाही. नवी फ्रेम द्यायला ती तयार झाली. चाके, हँडल, ब्रेक, मोटर, बॅटरी, सगळे माझ्यावरून काढून तिच्यावर चढवायचे. अट एकच होती. जुनी फ्रेम करवतीने कापायची आणि दोन तुकड्यांचा फोटो पाठवायचा, म्हणजे ती पुन्हा कोणी वापरणार नाही. सगळीकडे असेच करतात म्हणे. मी स्टँडवर टांगलेली होते आणि हे सगळे माझ्यासमोरच ठरत होते.

दैव कसे पाहा, त्याच आठवड्यात चिमणीच्या टाचा टेकल्या. मोडलेल्या सायकलवर बसू नकोस असे सांगूनही ती आईबरोबर सर्व्हिस सेंटरमध्ये मला भेटायला आली. मिस्त्रीने मला स्टँडवरून खाली घेतले होते, त्याची पाठ वळताच ती सीटवर चढली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर. तिने आईकडे पाहिले आणि मग तिला अट सांगण्यात आली.

चिमणी आधी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग म्हणाली, "कापायची कशाला? वेल्डिंग करून मला द्या. मी फक्त सपाटीवर चालवीन."

परिचारिका विरघळली. "मिस्त्री, प्लास्टर घातलं की माणसाचं हाड जुळतं. हिचं नाही जुळणार?"

"हाड जिवंत असतं, सिस्टर. ते आतून भरून येतं. हिला भरून येत नाही."

हे ऐकून मला वाईट वाटले. पण मिस्त्रीचे लक्ष पोरीच्या तोंडाकडे गेले आणि त्याचाही आवाज उतरला. तो हळूच म्हणाला, "तसं पाहिलं तर... फोटोपुरती काळी पट्टी लावली तर कापल्यासारखी दिसेल. बाकीचे भाग मी इकडून तिकडून जमवून देतो. पण सपाटीवरच हं."

मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. मी खोटेपणाचा विचारसुद्धा केला नाही. मला फक्त जगायचे होते, आणि चिमणीबरोबर जगायचे होते.

परिचारिकेने मुलीला विचारले, "खरंच सपाटीवरच?"

"खरंच, आई. शप्पथ."

ती मुलीकडे पाहत राहिली. मग मिस्त्रीला म्हणाली, "कापा."

"तुझा माझ्यावर विश्वासच नाही," चिमणी म्हणाली.

"आहे. आत्ता तू खरंच बोलतेयस. पण वरची वाट रोज तुझ्या डोळ्यांसमोर असणार. एक दिवस तू जाशील. तुझ्या वयाची असते तर मीही गेले असते."

चिमणीने भिंतीकडे तोंड फिरवले आणि ती रडू लागली. मला तर संताप आला होता. या बाईच्या गुडघ्यांसाठी मी किती चढण चढले, आणि ती एका शब्दात माझा निकाल लावते. तेवढ्यात ती जवळ आली आणि माझ्या रेघेशेजारी तिने तळहात ठेवला. कॅप्टनची चिकटलेली पट्टी काढण्याआधी ती जे म्हणायची तेच मलाही म्हणाली.

"थोडं दुखेल."

मिस्त्रीने मला मोकळी केली आणि शिकंज्यात धरली. करवत लावताना फ्रेम थरथरू लागली तेव्हा चिमणी न बोलवता आली. डोळे पुसले आणि तिने माझे पुढचे टोक दोन्ही हातांनी धरून ठेवले. ॲल्युमिनियमचा चुरा तिच्या मनगटांवर पडत होता. नळ्या कापून झाल्या, माझे दोन तुकडे झाले. मग मिस्त्रीने मागचा तुकडा उचलून त्या रेघेवर सहज अंगठ्यांनी दाब दिला, आणि तो तिथून कट्कन तुटला. त्याने तो सगळ्यांना दाखवला. चिमणीचे रडणे थांबले. मिस्त्रीने काळ्या पट्टीचे रीळ गुपचूप खणात टाकले.

नवी फ्रेम राखाडी आहे. माझी घंटी आता तिच्यावर वाजते. पहिले काही दिवस तो आवाज ऐकला की मला जळजळ व्हायची. मायलेकींनी ती राखाडी सायकल वाटून घेतली, कामाच्या दिवशी आईची, सुट्टीच्या दुपारी मुलीची. माझा पुढचा तुकडा चिमणीने मागून घेतला. मिस्त्रीने त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या, टोकांना रबर बसवले, आणि मी या भिंतीवर आले. माझ्या एका शिंगावर हेल्मेट असते, दुसऱ्यावर स्टेथोस्कोप. दर सुट्टीला चिमणी तो काढते, राखाडी सायकलच्या सगळ्या सांध्यांना लावते, आई पॅडल दाबते.

तुमच्या घरीही एखादी वस्तू करकरत असेल, मित्रांनो. नुसते तेल ओतून तिचे तोंड बंद करू नका. बसा, कान लावा. आणि ती मोडलीच असेल तर प्रेमापोटी तिच्यावर कोणाला बसवू नका. मला हे कळायला वेळ लागला. कधी कळले, तेवढे सांगते आणि थांबते.

गेल्या महिन्यातली सुट्टीची दुपार. परिचारिका बाजारातून आली तर घरात चिमणी नाही आणि अंगणात सायकल नाही. शेजारची गल्ली पाहून झाली, सपाटीचा रस्ता पाहून झाला. इतक्यात फोन वाजला. कॅप्टन होते. "छोटी सिस्टर येऊन गेली. पाणी प्यायली आणि आत्ता खाली निघाली. उतारावर फार सुसाट जाते हो पोरगी."

परिचारिकेने फोन ठेवला. तिने माझे शिंग मुठीत धरले आणि दाराबाहेर पाहत उभी राहिली. तो उतार आम्हा दोघींना पाठ होता. कुठे दगड आहे, कुठे मुळे आहेत, चाक कुठे हवेत उडते आणि खाली आदळते, सगळे. माझ्या शिंगाला तिची बोटे गार लागत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग वळणावर माझी घंटी वाजली.

चिमणी दारात आली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि चेहरा उतरलेला. "आई, मी फक्त एकदाच..."

"आंघोळ कर जा," आई म्हणाली.

चिमणीने हेल्मेट काढले आणि नेहमीसारखे माझ्यावर अडकवले. ते अजून तिच्या डोक्याने गरम होते. मी अर्धी आहे, मित्रांनो, आणि माझ्यासमोरून ती पोर अख्खी आत गेली.